फोटोवरून बारके भुंगेरे ओळखायचे कसे: बेळगाव-खानापूरकडची उदाहरणं घेऊन

"हे काय आहे सांग की" म्हणून ग्रुपवर फोटो येतो. फोटोत अख्खं पान, पानामागं शेत, शेतामागं यळ्ळूरचा गड, आणि मधोमध मोहरीएवढा एक लाल ठिपका. आता ह्याला मी काय सांगू? लेडीबर्ड असेल, भोपळ्यावरचा लाल भुंगेरा असेल, नाहीतर कुंकू सांडलं असेल. ओळखायला नंतर जेवढा वेळ जातो त्याच्यापेक्षा जास्त घोटाळा फोटो काढतानाच झालेला असतो, आणि किडा उडून गेल्यावर मग काही करता येत नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, एकदाच.

भुंगेऱ्यांच्या नाव दिलेल्या जातीच जगात ४ लाखांच्या आसपास आहेत. त्यामुळं रंग बघून गुगलवर शोधायचं हा धंदा सोडा. लाल-काळा असलेले शेकड्यानं सापडतील आणि दहावा फोटो बघेपर्यंत तुम्हाला सगळे सारखेच दिसायला लागतील. मी पहिली दोन वर्षं हेच केलं.

आधी भुंगेराच आहे का ते बघा

पाठीवर मधोमध सरळ एक रेघ दिसते का? भुंगेऱ्याचे वरचे दोन पंख टणक टरफलासारखे असतात आणि ते मिटले की मध्ये एकमेकांना कडेला कडा लावून बसतात, खोक्याची दोन झाकणं मिटल्यासारखे. ती रेघ दिसली की बहुतेक वेळा भुंगेरा. ढेकणाच्या जातीतले जे किडे असतात (आपल्याकडं त्यांना सरसकट ढेकण्या म्हणतात) त्यांच्या पाठीवर त्रिकोण असतो आणि पंखांची मागची टोकं एकावर एक चढलेली असतात, आणि तोंड म्हणजे पोटाखाली दुमडलेली सोंड, सुईसारखी. भुंगेऱ्याला चावायचे जबडे असतात.

फसवणारे दोन-तीन आहेत. पावट्याच्या वेलावर शेंगा धरायच्या वेळी हिरवट-तपकिरी गोल गोल किडे थव्यानं बसतात, चार-पाच मिमीचे, हात लावला की घाण वास. दिसायला अगदी भुंगेरा, पण पाठीवर मधली रेघच नाही, सगळी पाठ एकाच तुकड्याची. तो ढेकण्याच, कोप्टोसोमा. हिरवे-निळे चकचकीत रत्नासारखे दिसणारे काही असतात, तिथंही तेच, रेघ नाही. आणि दरवर्षी जूनमध्ये कुणीतरी मखमली लाल मृगाच्या किड्याचा फोटो पाठवतोच, 'रेड बीटल' म्हणून. बाबा, पाय मोज. आठ आहेत. तो कोळ्याच्या नात्यातला, भुंगेरा तर नाहीच पण कीटक पण नाही.

आता फोटो, खरं काम हितंच आहे

महागडा कॅमेरा लागत नाही. मोबाईलला चिमट्यानं लावायची मॅक्रो लेन्स ऑनलाईन मिळते ती पुरे. स्वस्त फोनमध्ये वेगळा 'मॅक्रो' कॅमेरा म्हणून जो देतात तो बऱ्याचदा २ मेगापिक्सेलचा असतो, त्याच्या नादाला लागू नका, त्यापेक्षा मेन कॅमेऱ्यानं जरा लांबून २एक्स झूम करून काढा आणि नंतर क्रॉप करा. किड्यावर बोट दाबून धरलं की फोकस लॉक होतो, मग फोन अगदी हळू पुढंमागं करत दहा-पंधरा फोटो घ्यायचे. त्यातला एक नीट येतो. दोन आले तर नशीब.

सगळ्यात आधी लांबूनच एक फोटो काढून ठेवायचा, कसा का येईना. कारण जवळ गेलं की तुमची सावली पडते आणि सोंडे भुंगेरे, पान खाणारे भुंगेरे, हे पाय आखडून सरळ खाली पडतात, मेल्याचं सोंग घेऊन. मग गवतात शोधत बसा. म्हणून दुसरा हात पानाखाली ओंजळीसारखा धरायची सवय लावा, पडला तर हातात पडतो.

फोटो कुठल्या कुठल्या बाजूनं पाहिजेत ते सांगतो. वरून एक, बरोबर डोक्यावरून, तिरका नको. बाजूनं एक, कारण पाठ किती फुगीर आहे आणि डोकं खाली वाकलंय का ते बाजूनंच कळतं. समोरून तोंडाचा एक. मिशा पूर्ण दिसतील असा एक, आणि मिशा म्हणजे नुसती सुरुवात नाही, टोकापर्यंत. जमलं तर पोटाकडून एक. पोटाकडचा फोटो बहुतेक कुणीच काढत नाही, आणि कित्येकदा उत्तर तिथंच असतं. त्यासाठी मी एक पारदर्शक प्लास्टिकची डबी बाळगतो, सोनार अंगठी देतो तसली. किडा आत, झाकण लावलं, डबी उचलली आणि खालून फोटो. फार पळापळ करणारा असला तर पाच मिनिटं डबी फ्रिजमध्ये ठेवली की गारठून शांत होतो, मग दोन-तीन मिनिटं तुमची. आमच्या घरी ह्यावरून एकदा मोठं भांडण झालंय. आईनं डबी उघडली ती वेलदोडे समजून. आता डबीवर कागद चिकटवून 'किडा' असं लिहितो, आणि दह्याच्या वरच्या कप्प्यात ठेवत नाही. फोटो झाले की जिथून उचलला तिथंच सोडायचा, घरामागच्या परड्यात नव्हे, त्याचं झाड तिथं नसतं.

उजेडाचं एक महत्त्वाचं. टणक पंख आरशासारखे चमकतात, थेट उन्हात किंवा फ्लॅशवर काढलं की पाठीवर पांढरा डाग पडतो आणि काळा किडा निळा दिसायला लागतो. वहीचा पांढरा कागद ऊन येतं त्या बाजूला आडवा धरा, उजेड गाळून येतो. आणि फोनमधलं ते 'एआय एन्हान्स' का काय असतं ते बंद करा. ते नसलेले केस आणि नसलेले ठिपके तयार करतंय, मी स्वतः एका गुळगुळीत भुंगेऱ्याला केसाळ समजून तीन दिवस शोधत बसलो होतो.

मूळ फाईल जपून ठेवा. मेसेजवरून साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि तारीख-ठिकाणाची माहिती पण निघून जाते, पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

किडे सापडत नाहीत म्हणणाऱ्यांसाठी: छत्री. उलटी उघडून झुडपाखाली धरा आणि फांदीवर काठीनं दोन-तीन टोले द्या. पांढरं किंवा फिकं कापड असेल तर बरं. जांबोटीच्या रस्त्याला मी हे करत होतो तर एक म्हातारा सायकल थांबवून म्हणाला, "काय हरवलंय काय ओ पावणं?" किडे शोधतोय म्हटल्यावर त्यानं छत्रीत डोकावून बघितलं, आणि "हे तर आमच्या घरात फुकट आहेत" म्हणून निघून गेला. खोटं नाही ते. वळवाचा पहिला पाऊस पडला की व्हरांड्यातल्या बल्बखाली जेवढे मिळतात तेवढे दिवसभर हिंडून मिळत नाहीत. बल्बजवळ पांढरी चादर वाळत घालतो तशी टांगा, झालं.

माप

फोटोत सगळे किडे एकाच साईजचे दिसतात, २ मिमीचा पण आणि १० मिमीचा पण. आलेख कागदाचा बारका तुकडा, मिमीच्या चौकोनांचा, शाळेच्या सामानाच्या दुकानात मिळतो तो पाकिटात ठेवा आणि किड्याच्या शेजारी त्याच पातळीवर धरून एक फोटो घ्या. बोटाचं टोक चालत नाही, माझं बोट आणि माझ्या भाच्याचं बोट ह्यात दुपटीचा फरक आहे. डोक्यापासून पंखांच्या टोकापर्यंत मोजायचं, मिशा धरायच्या नाहीत. सोंड असेल तर सोंड सोडून मोजलं का धरून मोजलं ते लिहून ठेवा.

मिशा आणि पाय बघून कूळ काढायचं

रंगाच्या आधी मिशा. मिशांची टोकं पंख्यासारखी पानापानाची उघडत असतील तर हुमणी-शेणकिडा ह्यांचं कूळ. मिशा आखूड आणि टोकाला बारीक गाठ, अंग अर्ध्या वाटाण्यासारखं, डोकं वरून धड दिसतच नाही: लेडीबर्ड. मिशा दोऱ्यासारख्या, अंगाच्या अर्ध्यापर्यंत येणाऱ्या, आणि किडा पानावर: बहुतेक पान-भुंगेऱ्यांचं कूळ, क्रायसोमेलिडी. अंगापेक्षा लांब मिशा असतील तर लांबशिंगे, त्यांचं कूळ वेगळं. सोंड आहे आणि त्या सोंडेवर मिशा कोपरात वाकल्यात: सोंडे. तांदळातले टोके बघितले असतीलच, तेच घराणं.

मग पाय. पायाचं शेवटचं बोट असतं त्याचे सांधे मोजायचे, चांगल्या फोटोत दिसतात. पान-भुंगेऱ्यात ते चार दिसतात, लेडीबर्डमध्ये तीन. खरे अनुक्रमे पाच आणि चार असतात पण एक इतका बारका की मधल्या फुगीर सांध्यात दडून बसतो. पुढच्या चार पायांना पाच-पाच आणि मागच्या दोघांना चार-चार असं दिसलं तर पिठातल्या किड्यांचं कूळ किंवा फोड आणणाऱ्या भुंगेऱ्यांचं. आणि मागच्या मांड्या पहिलवानासारख्या फुगलेल्या, किडा दोन-तीन मिमीचा, हात नेला की टुणकन उडाला, पानाला छर्ऱ्यानं मारल्यासारखी भोकं: हे उडते पान-भुंगेरे, फ्ली बीटल. ह्यांचा फोटो काढणाऱ्याला माझा नमस्कार.

झाड लिहून ठेवा, झाडावरून अर्धं काम होतं

पान खाणारे बरेचसे भुंगेरे ठराविक झाडाच्या नात्यातलंच खातात. म्हणून झाडाचा वेगळा फोटो, पानाचा आणि फुलाचा, आणि पान कसं खाल्लंय त्याचा पण. गोल भोकं, कडेनं कातरलेलं, की हिरवं खरवडून जाळी राहिलीय, ह्यातून खाणारा कोण ते कळतं. राखाडी सोंडे, मायलोसेरस, पानाच्या कडेला दातेरी कातर मारतात. दोडक्या-काकडीवरचा नारिंगी-लाल भुंगेरा कोवळ्या पानाला मोठी भोकं पाडतो.

आता खानापूरकडच्या भाताच्या शिवारातलं एक घ्या. भातावर पावसाळ्यात दोन निळे-काळे बारके भुंगेरे येतात आणि दोघांनाही लोक निळा किडाच म्हणतात. फोटो जवळून घ्या. एकाच्या अंगभर काटे उभे, साळिंदरासारखे, साधारण ५ मिमी, आणि पानावर शिरांच्या बाजूनं पांढऱ्या सरळ रेघा: हिस्पा, काटेरी भुंगेरा. दुसरा लांबट, गुळगुळीत, काटा एक पण नाही, आणि पानाच्या कडा आत वळलेल्या: लेप्टिस्पा, खरा निळा भुंगेरा. लांबून काढलेल्या फोटोत दोघंही निळा ठिपकाच. म्हणून जवळून, म्हणून बाजूनं.

लेडीबर्डचं पण असंच. वांग्याच्या झुडपावर ठिपक्यांची लेडीबर्ड दिसली की लोक म्हणतात मित्रकीड, मारू नका. थांबा की जरा. मावा खाणारी सहा-सात ठिपक्यांची असते ती चकचकीत, तेल लावल्यासारखी. वांगं खाणारी, २८ ठिपक्यांची हेनोसेपिलाकना, ती मातकट आणि पाठीवर बारीक लव, बाजूनं उजेड घेऊन फोटो काढला की लव चमकते. पान खाली खरवडून जाळी केलेलं असतं आणि जवळपास पिवळ्या काटेरी अळ्या सापडतात. ठिपके मोजायच्या आधी लव बघा, कारण ठिपके कमीजास्त होतात, जुळतात, पुसट होतात. चेइलोमेनेस म्हणून जी नागमोडी पट्ट्यांची लेडीबर्ड माव्यावर सगळीकडं दिसते तिच्या एकाच जातीत इतके नमुने निघतात की मी पहिल्यांदा चार वेगळ्या जाती समजून चार वेगळे फोल्डर केले होते.

रताळ्याच्या वेलावरचं उदाहरण, पहिल्यापासून शेवटपर्यंत

बेळगुंदी-राकसकोपच्या बाजूला रताळी भरपूर होतात हे बेळगावच्या माणसाला सांगायला नको. तिथं वेलाच्या बुडाशी मला एक मुंगी दिसली, लालसर मान, काळं-निळं अंग, लांब पाय. मुंगी म्हणून सोडून दिली असती पण चालताना ती मुंगीसारखी घाई करत नव्हती, जरा रमतगमत होती. फोटो घेतला. मोठा करून बघितलं तर पाठीवर मधली रेघ. म्हणजे भुंगेरा. आलेख कागदावर ६ मिमी. डोकं पुढं ओढल्यासारखं, सोंड. सोंड म्हणजे सोंडे घराणं, पण मिशा कोपरात वाकलेल्या नव्हत्या, सरळ होत्या. हितंच मी पहिल्यांदा अडलो होतो. सोंड असून सरळ मिशा असलेलं जवळचं कूळ आहे, ब्रेंटिडी. त्यात रताळ्यावर, मुंगीसारखा, लाल मान आणि लाल पाय, निळसर चकचकीत पंख: सायलस फॉर्मिकॅरिअस, रताळ्याचा सोंडे भुंगेरा. नावातच फॉर्मिका म्हणजे मुंगी. आणि मिशांचा फोटो टोकापर्यंत नीट आला असेल तर नर-मादी पण सांगता येतं, नराच्या मिशीचा शेवटचा तुकडा लांब दांडीसारखा आणि मादीचा आखूड, अंडाकृती गाठीसारखा. माझ्या फोटोत मादी होती. रताळं फोडलं तर आत बोगदे आणि वास. तसलं रताळं भाजलं तरी कडू लागतं, नवरात्रात उपासाला एखादं असलं लागलं की अख्ख्या घराचा मूड जातो, ते ह्याचंच काम.

त्याच वेलावर, नाहीतर बांधावरच्या रानटी गारवेलीवर, पानाला चिकटलेला सोन्याचा थेंब दिसला तर तो कासव-भुंगेरा. चारी बाजूंनी पारदर्शक झालर आणि मध्ये सोनं. ह्याचे फोटो जिवंत असतानाच काढायचे, कारण तो सोनेरी रंग कातडीच्या थरांतल्या ओलाव्यामुळं असतो, मेला की काही वेळात तपकिरी होतो. म्हणूनच जुन्या संग्रहातल्या नमुन्यांशी रंग जुळवायला गेलात तर जुळणार नाही. झालरीवर काळे डाग कुठं आहेत त्यावरून जाती वेगळ्या करतात, म्हणून वरून बरोबर सरळ फोटो पाहिजे. जवळ घाणीचा बारका ढीग चालताना दिसला तर दचकू नका, त्याची अळी स्वतःची विष्ठा पाठीवर छत्रीसारखी धरून फिरते.

नाव शोधताना

ॲपनं सुचवलेलं पहिलं नाव धरून बसू नका. ज्या भागातले फोटो जास्त त्या भागातल्या जाती ॲपला जास्त ओळखू येतात, त्यामुळं जांबोटीचा किडा युरोपातला निघतो. आधी कूळ बरोबर आहे का ते तुमच्या मिशा-पायांच्या हिशोबानं तपासा, मग नकाशात ती जात भारतात, त्यातून सह्याद्रीत नोंदलीय का बघा. आयनॅचरलिस्टवर (फोटो टाकून लोकांकडून ओळखून घ्यायची वेबसाईट) टाकत असाल तर एका किड्याचे सगळे फोटो एकाच नोंदीत टाका, आणि झाडाचं नाव लिहा. तिथं ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त लोकांचं जातीवर एकमत झालं की नोंद 'रिसर्च ग्रेड' होते, पण एकमत झालेले सगळेच चुकू शकतात हे ध्यानात असू द्या. तुमच्या फोटोला कुणी फक्त कूळ लावलं तर राग मानू नका, तो शहाणा माणूस आहे.

आणि एक मजा सांगतो जी बेळगावकरांनाच कळेल. ब्रिटिश काळात एच. ई. अँड्र्यूज म्हणून एक वन अधिकारी होता, भुंगेऱ्यांचा वेडा. त्यानं गोळा केलेले किडे युरोपातल्या तज्ज्ञांकडं गेले, आणि 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' ह्या मालिकेत मार्टिन जॅकोबीचा पान-भुंगेऱ्यांवरचा १९०८ चा खंड उघडला की ठिकाणाच्या जागी बेळगाव, कंसात अँड्र्यूज, असं परत परत येतं. कासव-भुंगेरे आणि हिस्पा ह्यांच्यासाठी मौलिकचा १९१९ चा खंड, सोंड्यांसाठी मार्शलचा १९१६ चा. हे नेटवर फुकट वाचायला मिळतात. शोधताना स्पेलिंग जुनं घाला, बेलगाम असं, कारण बेळगावी हे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं. आणि 'कनारा' लिहिलेलं असेल तर ते आजच्या कारवारकडचं समजा. जुनी जीनसची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची, जातीच्या नावातला पहिला शब्द) नावं पण बदललीत, तेव्हा पुस्तकात सापडलेलं नाव नेटवर परत एकदा तपासून मगच लिहा. चित्रं कमी आणि वर्णन रुक्ष आहे, पण 'मिशांचा तिसरा सांधा दुसऱ्याच्या दुप्पट' असलं वाक्य वाचून आपल्या फोटोत मोजून बघताना जे वाटतं ते सांगून कळणार नाही.

थांबायचं कुठं

प्रत्येक फोटोला जातीचं नाव मिळत नाही. राखाडी मायलोसेरस, बारके काळे शेणकिडे, २ मिमीच्या लेडीबर्डी, ह्यांच्या कित्येक जाती नराचं अंतर्गत अंग सूक्ष्मदर्शकाखाली काढून बघितल्याशिवाय वेगळ्या होत नाहीत, तिथं कितीही भारी फोटो असला तरी जीनसवर थांबायचं. "मायलोसेरस, जांबोटी, आंब्याच्या पानावर, ५ मिमी, १२ जून" ही नोंद खोट्या पूर्ण नावापेक्षा चांगली, उद्या कुणी त्या गटावर काम करणारा आला तर त्याला तीच उपयोगी पडते. माझा कन्नड मित्र तर सगळ्यालाच 'हुळ' म्हणतो आणि त्याचं आजपर्यंत एकदाही चुकलेलं नाही.

हात लावायच्या आधी दोन किडे पाठ करून ठेवा. एक नारिंगी-काळा, मुंगीसारखा लांबट, ७ मिमीच्या आसपास, पंख आखूड आणि निळसर, शेपटी वर करून पळणारा, पावसाळ्यात बल्बला येतो. पेडेरस. चावत नाही, पण मानेवर चिरडला की दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड येतात. फुंकर मारून उडवायचा, चिरडला गेलाच तर साबण लावून धुवायचं आणि तो हात डोळ्याला लावायचा नाही. दुसरा तुरीच्या, जास्वंदीच्या फुलांवर बसून फुलं खाणारा, काळ्या पंखांवर पिवळे-नारिंगी पट्टे, ब्लिस्टर बीटल. त्याच्या अंगातून जो रस येतो त्यानं पण फोड येतात, त्याला डबीत घ्यायचा तर पानासकट घ्या. आणि भीमगड अभयारण्यात डबी न्यायचीच नाही, तिथं परवानगीशिवाय किडा उचलता येत नाही, आत जायला पण वनखात्याला विचारावं लागतं. कणकुंबीकडं जाताना गावातल्या बांधावर, ओळखीच्या माणसाच्या शेतात, काजूच्या बागेत तेवढंच वैविध्य मिळतं, फक्त मालकाला आधी विचारा, नाहीतर जमीन मोजायला आलाय समजून कुत्रं सोडतील.